कंपनीचं युनिट विकलं, एचआर म्हणतंय राजीनामा देऊन नवीन लेटर घ्या. सही करावी का?

चाकणचा_फिटर:
नमस्कार मंडळी. इथे वाचत असतो पण लिहितोय पहिल्यांदा, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी चाकण एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मेंटेनन्स फिटर आहे, ७ जुलै २०११ ला लागलो, आता वय ४४. कंपनीचे तीन युनिट आहेत, त्यातलं आमचं प्रेसशॉपचं युनिट मालकाने दुसऱ्या कंपनीला विकलं. मशिनी, शेड, ऑर्डरी, माणसं सगळ्यासकट. १ फेब्रुवारी २०२६ पासून नवीन कंपनी. बोर्डवर आम्ही कायमचे ६१ जण, बाकी कॉन्ट्रॅक्टचे वेगळे. युनियन नाही.

काल फर्स्ट शिफ्ट सुटताना टाइम ऑफिसमध्ये एकेकाला आत बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक छापील राजीनामा, त्यात लिहिलंय की "मी वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे, माझं कंपनीकडे कुठलंही येणं बाकी नाही", खाली नाव आणि टोकन नंबर त्यांनी आधीच टाईप केलेला, फक्त सहीची जागा मोकळी. दुसरा कागद नवीन कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर. पगार तोच, बेसिक डीए मिळून २६ हजार, पण जॉइनिंग डेट ०१-०२-२०२६ आणि सहा महिने प्रोबेशन. घरी नेऊन वाचतो म्हणालो तर म्हणे कागद बाहेर जाणार नाही, इथेच वाचा, शुक्रवारपर्यंत सही झाली पाहिजे, नाहीतर १ तारखेला गेटपास मिळणार नाही. मोबाईल बाहेरच ठेवायला लावला होता त्यामुळे फोटो पण नाही.

मी सही न करता उठून आलो. तीन जणांनी केली. रात्रभर डोक्यात तेच चाललंय. साडेचौदा वर्षांनंतर मी प्रोबेशनवर? ग्रॅच्युइटीचं काय होणार, पीएफचं काय? कोणाला अनुभव असेल तर सांगा, शुक्रवारच्या आत काहीतरी ठरवायचंय.

माऊली७७:
दादा, पगार तोच आहे ना, मग कशाला वाद घालता. आजकाल नोकऱ्या कुठे आहेत. माझ्या मेव्हण्याने रांजणगावला असंच केलं, सही केली, ग्रॅच्युइटीचा चेक घेतला, काम चालू आहे. जास्त बोलणाऱ्यालाच पहिला काढतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. घरचा विचार करा आधी.

अक्षता_पी:
@माऊली७७ तुमचा हेतू चांगला आहे पण "पगार तोच" हे पुरेसं नाही हो. प्रोबेशनवर असलेल्या माणसाला काढणं किती सोपं असतं. आज पगार तोच आणि जुलैमध्ये "काम समाधानकारक नाही" असं लेटर आलं तर?

@चाकणचा_फिटर दादा, सही केली नाहीत हे फार चांगलं केलंत. आज रात्रीच एका वहीत लिहून ठेवा: तारीख, वेळ, कोण कोण खोलीत होतं, काय काय बोलले, कागदावर काय होतं. तुमच्याच अक्षरात. फोटो नाही तर नाही, ताजं ताजं लिहिलेलं पुढे उपयोगी येतं. ज्यांना आत बोलावलं त्या सगळ्यांना हेच करायला सांगा.

कोर्टाची_पायरी:
मी पुण्यात लेबर कोर्टात कामगारांच्या बाजूने प्रॅक्टिस करतो. मोठं लिहितोय पण शेवटपर्यंत वाचा, आणि तुमच्या ६१ जणांना वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, कामगार म्हणजे प्रेसचं मशिन नाही की बिलात लिहिलं आणि मालकी बदलली. एका मालकाकडची नोकरी दुसऱ्याच्या गळ्यात घालायची तर कामगाराची संमती लागते. हे सुप्रीम कोर्टाने विदर्भातल्या एका बिडी कारखान्याच्या खटल्यात साठच्या दशकातच सांगितलंय, की नोकरीचा करार एकतर्फी दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, जुना मालक, नवा मालक आणि कामगार तिघांचं जमलं पाहिजे. २०११ मध्ये कोलकात्याच्या एका टीव्ही कारखान्याच्या प्रकरणात परत तेच सांगितलं, संमतीशिवाय नव्या व्यवस्थापनाखाली काम करायला भाग पाडता येत नाही आणि जो नाही म्हणतो त्याला नुकसानभरपाई द्यावी लागते.

दुसरी गोष्ट कायद्याची. औद्योगिक विवाद कायदा १९४७ मध्ये कलम २५एफएफ होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या, त्यामुळे आता ते औद्योगिक संबंध संहिता २०२० च्या कलम ७३ मध्ये आहे, मजकूर जवळपास तोच. कारखान्याची मालकी किंवा व्यवस्थापन दुसऱ्याकडे गेलं तर एक वर्ष सलग नोकरी झालेल्या प्रत्येक कामगाराला, त्याची कपात झाली, म्हणजे मालकाने त्याला कामावरून कमी केलं, असं समजून, एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळतो. हे देणं जुन्या मालकाचं.

हे देणं टाळायचं असेल तर तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पूर्ण झाल्या पाहिजेत. बदलीमुळे नोकरीत खंड पडता कामा नये. नव्या मालकाकडच्या अटी आधीपेक्षा कुठल्याही बाबतीत कमी फायद्याच्या नकोत. आणि नवा मालक कायद्याने बांधलेला पाहिजे की उद्या त्याने कपात केली तर तो भरपाई जुन्या जॉइनिंग डेटपासून मोजून देईल.

आता तुमचा कागद या तिन्हींसमोर धरा. राजीनामा घेतला म्हणजे खंड पडला. प्रोबेशन लावलं म्हणजे अटी खालावल्या. जॉइनिंग डेट २०२६ लिहिली म्हणजे जुनी वर्षं मोजणार नाही. एकही अट पूर्ण होत नाही. मग त्यांनी तुम्हाला भरपाई द्यायला पाहिजे. ती द्यायची नाही म्हणून तर राजीनामा मागतायत! "स्वखुशीने" या एका शब्दासाठी सगळा खटाटोप आहे, कारण जो स्वतःहून सोडून गेला त्याची कपात झाली असं म्हणताच येत नाही.

चाकणचा_फिटर:
साहेब, तुमचे फार आभार. तीन वेळा वाचलं. म्हणजे आम्हाला हक्काचे दोनच रस्ते, एकतर भरपाई घेऊन बाजूला व्हायचं नाहीतर जुन्या तारखेसकट तिकडे जायचं, असंच ना? पण समजा मी म्हणालो की मला नवीन कंपनी नकोच, मला जुन्याच कंपनीच्या दुसऱ्या युनिटला ठेवा, तर?

कोर्टाची_पायरी:
बरोबर समजलात. दुसऱ्या युनिटला घ्या अशी मागणी जरूर करता येते, तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये इतर युनिटला बदलीचं कलम असेल तर ती जोरात करा. पण ते घेतीलच असं गृहीत धरू नका, युनिटच गेलं तर जुन्या मालकाकडे काम उरत नाही आणि शेवटी हातात भरपाई येते. आणि उलट बाजूनेही खोटी आशा देत नाही. "नव्या मालकाने मला घेतलंच पाहिजे" असा हक्क हे कलम देत नाही. आंध्रातल्या अनकापल्ले इथल्या सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने साठच्या दशकात तसंच म्हटलंय, जुन्या मालकाकडून भरपाई मिळते, नव्याच्या दारात हक्काने उभं राहता येत नाही. तुमच्या बाबतीत मात्र नव्या कंपनीला माणसं हवीच आहेत. प्रेस चालवणारे आणि दुरुस्त करणारे ६१ जण १ तारखेला एकदम कुठून आणणार? ही तुमची खरी ताकद आहे, ती तीन-तीन चार-चारच्या गटांनी सह्या करून घालवू नका.

नाना_कुर्डुवाडीकर:
हा विषय निघाला की मला राहवत नाही म्हणून लिहितो. वय ७१, रेल्वेतून रिटायर. हे जे २५एफएफ कलम आहे ना वकीलसाहेब, त्याचं मूळ आमच्या बार्शी लाईटमध्ये आहे हे तरुण मंडळींना माहीत नसेल. बार्शी लाईट रेल्वे म्हणजे अडीच फुटी रुळांची, १८९७ ला बार्शी ते बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी अशी सुरू झाली, मग पंढरपूर, लातूर, मिरज. कंपनी इंग्रजांची. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ताब्यात घेतली. त्याच्या आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर १९५३ ला, सगळ्यांची नोकरी संपेल अशा नोटिसा कंपनीने आधीच देऊन ठेवलेल्या. माझे आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये होते. आजी सांगायची की त्या रात्री वर्कशॉपचा भोंगा झाला तरी माणसं घरी गेली नाहीत, उद्या सकाळी आपण कोणाचे नोकर हेच कळत नव्हतं. बऱ्याच जणांना सरकारी रेल्वेने घेतलं, आजोबांनाही घेतलं.

पण आधीच्या नोकरीची भरपाई कंपनीने द्यायची की नाही यावर खटला झाला तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २७ नोव्हेंबर १९५६ ला निकाल, कामगारांच्या विरोधात. कोर्ट म्हणालं धंदा चालू असताना जादा माणसं कमी केली तर ती कपात, धंदाच बंद झाला किंवा दुसऱ्याकडे गेला तर ती कपात नव्हे. मग सरकारने १९५७ साली कायदा बदलला, हे कलम आजच्या रूपात आणलं, आणि लागू केलं ते २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून! बार्शी लाईटच्या माणसांना त्याचा फायदा मिळाला नाही, त्यांच्या नंतरच्या सगळ्यांना मिळाला. तुम्हाला आज जो हक्क आहे तो आमच्या माणसांच्या हरण्यातून आलाय पोरांनो, एका सहीने सोडू नका.

चाकणचा_फिटर:
नाना, अंगावर काटा आला वाचून. आमच्यात एक जण माढ्याचा आहे, त्याला वाचून दाखवलं. त्याचेही पणजोबा त्या रेल्वेत होते म्हणे.

पगारपत्रक:
मी पेरोलमध्ये काम करते, म्हणजे समोरच्या टेबलावर बसणारी. अशा दोन विक्रींचे आकडे मी स्वतः केलेत म्हणून आतली बाजू सांगते.

सगळ्यात आधी हे बघा की नक्की काय विकलं गेलंय. नुसते कंपनीचे शेअर विकले असतील तर मालक बदलतो पण तुमची कंपनी तीच राहते, तुमची नोकरी जिथल्या तिथे, कुठलंही नवीन लेटर लागत नाही, राजीनाम्याचा तर प्रश्नच नाही. तुमच्याकडे तीनपैकी एकच युनिट गेलंय म्हणजे हे धंद्याचं हस्तांतरण आहे. खात्री करायची तर नवीन लेटरवरचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी नंबर, आणि जुन्या पगाराच्या स्लिपवरचा ताडून बघा, आणि फेब्रुवारीनंतर पीएफ पासबुकात एस्टॅब्लिशमेंट आयडी बदलला का ते बघा.

दुसरं, विक्रीच्या करारात कामगारांचं एक कलम जवळजवळ कायम असतं. त्यात ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजांचं देणं कोणाकडे जाणार ते लिहिलेलं असतं आणि त्यानुसार किंमत कमीजास्त होते. मी केलेल्या दोन्हीत खरेदीदाराने जुनी ग्रॅच्युइटी अंगावर घेतली होती आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून घेतली होती. म्हणजे तुमच्या साडेचौदा वर्षांचे पैसे कदाचित एका कंपनीने दुसरीला दिलेसुद्धा असतील. म्हणून लेखी विचारा: "हस्तांतरण करारात आमच्या सेवेच्या सलगतेबद्दल आणि ग्रॅच्युइटीबद्दल काय तरतूद आहे?" हा प्रश्न लेखी आला की एचआरला तो वर पाठवावाच लागतो.

तुमचा हिशोब करून बघितला. ७ जुलै २०११ ते ३१ जानेवारी २०२६ म्हणजे १४ वर्षं सहा महिने आणि वर २५ दिवस. सहा महिन्यांच्या वर गेलं की पूर्ण वर्ष धरतात, म्हणून १५. ग्रॅच्युइटी २६,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला १५,०००, एकूण २ लाख २५ हजार. ही राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं झालेली आहेत, त्यामुळे "सही केली नाही तर ग्रॅच्युइटी अडकेल" असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. कपातीची भरपाई वेगळी, १५ दिवसांचे साधारण १३,००० धरले तर १५ वर्षांचे १ लाख ९५ हजार आणि वर नोटिशीचा महिना. राजीनाम्याच्या सहीने हे दुसरे पैसे जातात.

माऊली७७:
ताई, मग ग्रॅच्युइटी आत्ताच हातात घेतलेली चांगली नाही का? दोन सव्वादोन लाख एफडीत टाकले तर रिटायर होईपर्यंत किती होतील.

पगारपत्रक:
प्रश्न रास्त आहे. दादा ५८ ला रिटायर झाले तर अजून १४ वर्षं. ७ टक्क्यांनी २ लाख २५ हजाराचे साधारण ५ लाख ८० हजार होतात, व्याजावरचा टॅक्स सोडून. उलट सलगता ठेवली आणि तेव्हा बेसिक डीए समजा ४५ हजार असेल तर याच १५ वर्षांचे ३ लाख ८९ हजार होतात. त्यामुळे नुसत्या ग्रॅच्युइटीच्या आकड्यात आज घेणं तोट्याचं नाहीये, पैसे खरंच एफडीत राहिले तर. माझ्या अनुभवात ते मुलीच्या लग्नात नाहीतर घराच्या स्लॅबमध्ये जातात, त्यात चूक काही नाही, पण मग व्याजाचा हिशोब उरत नाही.

माझं म्हणणं एवढंच की ग्रॅच्युइटी घ्यायची की पुढे न्यायची हा पैशाचा प्रश्न आहे, घरी बसून ठरवा. जॉइनिंग डेट हा नोकरीचा प्रश्न आहे, ती सोडू नका. उद्या मंदी आली आणि वीस माणसं कमी करायची झाली तर नियम काय, शेवटी आलेला आधी जातो. नवीन कंपनीत २०२३ ला लागलेला पोरगा तुमच्यापेक्षा सीनियर ठरेल, कारण कागदावर तुम्ही २०२६ चे.

आणि पीएफ. काढू नका! अजिबात काढू नका. यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, तोच ठेवा, नवीन कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर करून घ्या. १० वर्षं भरायच्या आत फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसे काढले तर तेवढी पेन्शनची सेवा पुसली जाते; तुमची १० वर्षं होऊन गेल्यामुळे ते पैसे काढता येत नाहीत, तुम्ही ५८ नंतरच्या पेन्शनला पात्र झालेला आहात. जुन्या मालकाने पीएफ भरायचा ठेवला असेल तर विक्रीनंतर वसुलीसाठी जुना नवा दोघेही जबाबदार धरले जातात, नव्याची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत. पासबुक आजच डाउनलोड करून महिना महिना तपासा.

सातारी_माणूस:
जिथे कायदाच करून माणसं हलवतात तिथे हे किती नीट होतं बघा. आमच्या साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली आयडीबीआयमध्ये विलीन झाली, ३ ऑक्टोबरपासून. काका तिथे क्लार्क होते. बँकांच्या कायद्यातच लिहिलंय की नोकरी त्याच पगारावर त्याच अटींवर चालू राहील आणि तीन वर्षांच्या आत नव्या बँकेतल्या त्या दर्जाच्या माणसाएवढा पगार द्यायचा. काकांनी राजीनामा दिला नाही, प्रोबेशन नाही, एके दिवशी बोर्ड बदलला आणि ते त्याच खुर्चीत बसले. वीज मंडळाचं पण तसंच, जून २००५ मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या, महावितरण वगैरे, वीज कायद्यात आधीच लिहिलेलं होतं की अटी आधीपेक्षा कमी करता येणार नाहीत. खाजगीत एवढं स्पष्ट का नसावं हे मला कळत नाही.

हिंजवडी_फेज३:
माझा प्रश्न थोडा वेगळा पण इथेच विचारतो. मी आयटीत आहे, टीम लीड, आमचा पूर्ण प्रोजेक्ट क्लायंटसकट दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि आम्हाला "रीबॅज" करतायत, म्हणजे काम तेच, पण नोकरी त्या नव्या कंपनीच्या नावावर. आमच्यासाठी हे कलम आहे का? एचआर म्हणतं तुम्ही कामगार नाही.

कोर्टाची_पायरी:
हुद्द्यावर जाऊ नका, दिवसभर काय काम करता ते बघतात. स्वतः कोड लिहित असाल, टेस्टिंग करत असाल तर तांत्रिक काम आहे आणि तुम्ही कामगार ठरू शकता. माणसं घेणं, काढणं, रजा मंजूर करणं, अप्रेझल हेच मुख्य काम असेल तर नाही. नुसती देखरेख असेल तर नव्या संहितेत महिना १८ हजारांच्या वरचे बाहेर. पण ग्रॅच्युइटी आणि पीएफला हा भेद नाही, मॅनेजरलाही ग्रॅच्युइटी आहे. आणि संमती सगळ्यांचीच लागते. रीबॅजच्या लेटरमध्ये "मूळ जॉइनिंग डेटपासूनची सेवा सर्व लाभांसाठी सलग धरली जाईल" हे वाक्य नसेल तर ते घातल्याशिवाय सही करू नका. नोटीस पीरियड आणि बाँड वाढवलाय का तेही बघा.

सुनंदा_स्लाऊ:
मी इंग्लंडमध्ये असते, मूळची सांगलीची. इथे याला ट्यूपी म्हणतात, २००६ चे नियम आहेत, त्याआधी १९८१ चे होते. इथे नोकरी कायद्यानेच आपोआप तिकडे जाते, पगार, रजा, सर्व्हिसची वर्षं सगळं सोबत. जुन्या मालकाने नव्याला सगळ्यांची माहिती निदान २८ दिवस आधी द्यायची असते, आमच्याशी आधी बोलायचं असतं, नाही बोलले तर ट्रायब्युनल १३ आठवड्यांपर्यंतचा पगार द्यायला लावू शकतं. नुसतं कॉन्ट्रॅक्ट एका एजन्सीकडून दुसरीकडे गेलं, अगदी सफाईचं किंवा कँटीनचं, तरी हे लागू होतं. माझं असंच झालं, हॉस्पिटलच्या रिसेप्शनचं काम एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं, मला फक्त एक पत्र आलं आणि माझी सर्व्हिस जुन्याच तारखेपासून.

पण एक खाच आहे. इथे "मला नवीन मालक नको" असं म्हणालं तर नोकरी संपते आणि भरपाईही मिळत नाही. आपल्याकडे नाही म्हणणाऱ्याला भरपाई आहे, ते मला आपल्या कायद्यातलं जास्त माणुसकीचं वाटतं. ऑफिसची पेन्शन स्कीमही तशीच्या तशी येत नाही.

गोदाकाठची:
सुनंदाताईंचं सफाईचं वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. माझी आई नाशिकला एका कारखान्यात झाडलोट करते, १७ वर्षं त्याच कारखान्यात, त्याच संडासांची चावी तिच्या कमरेला. पण दर दोन तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो आणि ती परत नवीन. आत्तापर्यंत सहा ठेकेदार झाले, एकाकडेही पाच वर्षं भरली नाहीत म्हणून ग्रॅच्युइटी शून्य. ६१ जणांसाठी इतकं बोलताय ते बरोबरच आहे, पण दादांनी लिहिलंय "बाकी कॉन्ट्रॅक्टचे वेगळे". ते वेगळे म्हणजे किती जण? त्यांना १ तारखेला कोण घेणार?

चाकणचा_फिटर:
ताई, खरं सांगतो, वाचून मान खाली गेली. ११० च्या आसपास आहेत. त्यांना कोणीच काही सांगितलेलं नाही, कागदसुद्धा दाखवला नाही. उद्या त्यांच्यातल्या दोघातिघांना आमच्याबरोबर बसवतो.

कोर्टाची_पायरी:
@गोदाकाठची, ठेकेदार बदलला म्हणजे धंद्याचं हस्तांतरण झालं असं आपल्याकडे सहसा धरत नाहीत, ही मोठी फट आहे. तरी तुमच्या आईचं तपासण्यासारखं आहे. ठेकेदार बदलले पण हजेरी कोण घेत होतं, काम कोण सांगत होतं, रजा कोण देत होतं? सगळं कारखान्याचेच लोक करत असतील तर ठेका कागदावरचाच आहे असं मांडता येतं. जुने गेटपास, ईएसआय कार्ड, पीएफ पासबुक, काहीही टाकू नका. मला व्यक्तिगत निरोप करा, फी नको.

@चाकणचा_फिटर, आता करायचं काय ते. एक संयुक्त पत्र, सगळ्यांच्या सह्या, जुन्या आणि नव्या दोन्ही कंपन्यांना. मराठीत लिहिलं तरी चालतं. त्यात: आम्ही राजीनामा दिलेला नाही आणि देणार नाही, नव्या कंपनीत मूळ जॉइनिंग तारीख, आहे त्याच अटी आणि कपातीच्या वेळी पूर्ण सेवा धरण्याची हमी लेखी दिली तर यायला तयार आहोत, नाहीतर कायद्याप्रमाणे नोटीस आणि भरपाई द्या. "काम करायला तयार आहोत" हे वाक्य विसरू नका, गेटवर अडवलं तर तेच कामाला येतं. स्पीड पोस्टने पाठवा आणि एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयात इनवर्डचा शिक्का घेऊन द्या.

ज्या तिघांनी सही केली त्यांनी उद्याच लिहून द्यावं की सही दबावाखाली घेतली, राजीनामा मागे घेत आहे. राजीनामा लागू व्हायच्या आत मागे घेता येतो आणि त्यांचा ३१ जानेवारीपासून आहे, म्हणजे अजून वेळ आहे. वाद न्यायचा तर जुन्या कायद्यात नोकरी गेल्यापासून तीन वर्षं होती, आता दोनच आहेत, त्यामुळे "नंतर बघू" नको.

चाकणचा_फिटर:
मंडळी, काय काय झालं ते लिहितो, उशीर झाला, रोज डबल शिफ्ट चालू होती.

गुरुवारी रात्री माझ्या घरी बसलो, २९ जण आले, जागा नव्हती म्हणून निम्मे जिन्यात. पत्र माझ्या पुतणीने लॅपटॉपवर टाईप केलं. शेवटी ५४ सह्या झाल्या. चार जण नको म्हणाले, त्यांना मी काही बोललो नाही, प्रत्येकाच्या घरची परिस्थिती वेगळी असते. सही केलेल्या तिघांपैकी एकाने राजीनामा मागे घ्यायचं पत्र दिलं. शुक्रवारी कोणीच टाइम ऑफिसमध्ये गेलं नाही. शनिवारी प्लांट हेड स्वतः शॉपफ्लोअरवर आले, चिडले नाहीत, म्हणाले पत्र वर पाठवलंय.

२९ तारखेला नवीन लेटर आलं. राजीनाम्याचा कागद गायब. प्रोबेशन काढलंय. "मूळ नियुक्ती दिनांक ०७-०७-२०११" असं लिहिलंय आणि ग्रॅच्युइटीसाठी आधीची सेवा सलग धरणार असंही आहे. पण साहेब, कपातीच्या वेळी जुनी सेवा धरणार हे वाक्य त्यात नाहीये, आणि "भारतात कुठेही बदली" हे कलम अजून आहे, आमच्या जुन्या लेटरमध्ये फक्त पुणे जिल्हा होतं. कॉन्ट्रॅक्टच्या लोकांना ठेकेदाराने ठेवलंय पण लेखी काहीच नाही.

कोर्टाची_पायरी:
खूप चांगलं झालं, पण ते वाक्य सोडू नका, तीन अटींमधली तिसरी तीच आहे. सही करताना सहीच्या वर हाताने लिहा: "कपातीच्या प्रसंगी दि. ०७-०७-२०११ पासूनची सेवा सलग धरली जाईल या समजुतीवर आणि बदलीच्या नव्या अटीस हरकत कायम ठेवून स्वीकारत आहे." प्रत घ्या. त्यांनी असं घ्यायला नकार दिला तर तेच वाक्य त्याच दिवशी पोस्टाने पाठवा.

चाकणचा_फिटर:
तसंच केलं साहेब. हाताने लिहिलेलं बघून एचआरवाली मुलगी थांबली, फोन लावला, पाच मिनिटं बोलली आणि शिक्का मारून प्रत दिली. माझं बघून मागच्या सगळ्यांनी तेच लिहिलं, काहींना लिहायला जमत नव्हतं त्यांचं मी लिहिलं, खाली त्यांनी सही केली.

काल फेब्रुवारीची स्लिप आली. नवीन कंपनीचं नाव, नवीन रंग. डीओजेच्या, म्हणजे जॉइनिंग डेटच्या रकान्यात ०७-०७-२०११. बायकोला दाखवली तर ती म्हणाली यात दाखवण्यासारखं काय आहे, मग तिला सगळं सांगितलं. ज्या दोघांनी राजीनामा मागे घेतला नाही त्यांच्या स्लिपवर ०१-०२-२०२६ आहे. एकाची वर्षं माझ्यापेक्षा जास्त, २००९ चा माणूस. काल तो स्लिप घेऊन माझ्या मशिनपाशी आला आणि नुसता उभा राहिला. सोमवारी त्याला घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात जातोय, कॉन्ट्रॅक्टचे दोन जण पण सोबत येतायत. तिथे अर्जाबरोबर काय काय कागद लागतात कोणी सांगू शकेल का?

पगारपत्रक:
राजीनाम्याची प्रत मिळाली असेल तर ती, नसेल तर ती मागितल्याचं पत्र. जुनं अपॉइंटमेंट लेटर, जानेवारी आणि फेब्रुवारी दोन्ही स्लिप, पीएफ पासबुक, बँक स्टेटमेंट, आधार. ग्रॅच्युइटीचा चेक मिळाला असेल तर त्याची तारीख आणि रक्कम अर्जात स्वतःहून लिहा. आणि त्या दिवशी टाइम ऑफिसमध्ये काय झालं ते तुम्ही वहीत लिहिलं होतंत ना, त्या पानाची झेरॉक्स.